घनसाळची बिर्याणी आणि दोन घड्याळं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याला आलेला पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात, काजू आणि घनसाळ तांदूळ. आठ-पंधरा दिवसांनी त्याचा फोन येतो. "तांदूळ वासाला एक नंबर होता हो, पण बिर्याणी केली तर पार लगदा झाला. काय चुकलं?"

हा प्रश्न मला नवा नाही. सहा पानं वाढलेली असताना आणि पातेल्याचं झाकण नुकतंच उघडलेलं असताना मीही तो स्वतःला विचारलाय. आत मटण होतं, भात होता, वास तर असा की शेजारचं कुत्रं दारात येऊन बसलं होतं. पण डाव घातला की तो उभाच राहत होता. आत्यानं एक घास तोंडात टाकला आणि निकाल दिला, "चवीला झ्याक झालाय गं, पर ह्येला बिर्याणी म्हणू नगंस."

आत्याचा निकाल योग्य होता, पण कारण ना तिला सांगता आलं ना मला. पुढं हळूहळू कळत गेलं की या पातेल्यात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. मटणाला दीड तास हवा, तांदळाला पंधरा मिनिटं पुरतात. दोघांना एकाच भांड्यात, एकाच क्षणी तयार करायचं, एवढाच बिर्याणीचा पेच आहे. बाकी मसाला, केशर, तळलेला कांदा ही सगळी सजावट. घनसाळचं घड्याळ तर बासमतीपेक्षाही पुढं पळतं, म्हणून तो पेच आजऱ्यात जरा जास्त घट्ट बसतो.

1. दाणा मोकळा का राहतो, आणि का चिकटतो

तांदळाच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. पण माळा दोन तऱ्हेच्या. एक सरळ, सुतळीसारखी, तिचं नाव अमायलोज. दुसरीला जागोजागी फांद्या फुटलेल्या, करवंदीच्या जाळीसारखी, तिचं नाव अमायलोपेक्टिन.

पाणी तापून साधारण 60 ते 75 अंशांवर गेलं की दाण्यातला हा स्टार्च पाणी पिऊन फुगतो. ज्या तांदळात सरळ माळा जास्त, त्याचा दाणा शिजूनही आपला आकार धरून ठेवतो आणि निवला की घट्ट होतो. फांद्यांच्या माळा जास्त असल्या तर दाणा मऊ होतो, त्याच्या अंगावर चिकट साय येते आणि तो शेजाऱ्याला धरून बसतो. बासमती मधल्या गटात मोडतो, शिवाय शिजताना तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. घनसाळ, आंबेमोहर, इंद्रायणी ही मंडळी मऊ शिजणारी. (इंद्रायणी हे तर आंबेमोहराचंच लेकरू आहे. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आली.)

हे घरी पडताळून पाहता येतं. घनसाळ आणि बासमती चमचा-चमचाभर घ्या, वेगवेगळ्या भांड्यांत भरपूर पाण्यात शिजवा, निथळून ताटलीत पसरा आणि पूर्ण निवू द्या. मग बोटानं दाबा. बासमतीचा दाणा रबरासारखा किंचित मागं सरकेल. घनसाळचा दाणा बोटाखाली पसरेल आणि बोट उचलताना बोटाबरोबर येईल.

हा काही दोष नाही. आपण भात हातानं खातो, त्यावर पांढरा रस्सा नाहीतर आमटी ओतून खातो. घास वळला पाहिजे, रस धरला पाहिजे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हा तांदूळ आहे. एकेक दाणा सुटा ठेवून शिजवणाऱ्या खानसाम्यासाठी तो कुणी जपला नव्हता. बिर्याणी या शब्दामागं फारसीतला 'बिर्यान' म्हणजे भाजलेलं, तळलेलं हा शब्द सांगतात. तो पदार्थ वेगळ्या तांदळावर वाढलेला. आपण त्याला आजऱ्याच्या हिरण्यकेशी नदीकाठी आणलंय, तर थोडं त्यानं बदलावं, थोडं आपण.

2. वासाचं काय करायचं

घनसाळ शिजायला लागला की रस्त्यावरच्या माणसाला कळतं. या वासामागं मुख्यतः एकच पदार्थ आहे, त्याचं नाव 2-असिटाइल-1-पायरोलिन. नाव विसरलात तरी चालेल, वास विसरणार नाही. बासमतीत तोच, आंबेमोहरातही तोच. गरम पॉपकॉर्नच्या आणि भट्टीतून काढलेल्या पावाच्या खरपूस कडेच्या वासातही तोच असतो. परसात जे बासमतीचं पान लावतात, ज्याला काही जण अन्नपूर्णेचं पान म्हणतात, त्याचा एक तुकडा साध्या तांदळात टाकला तर भात वासाचा होतो, कारण त्या पानातही हाच पदार्थ आहे.

याची अडचण अशी की तो उडून जातो. उघड्या भांड्यात वाफेबरोबर जातो. तांदूळ पोत्यात वर्षभर पडून राहिला तरी वास हळूहळू कमी होतो. इथं एक गंमतशीर तिढा आहे. तांदूळ जुना झाला की त्याचा चिकटपणा कमी होतो, पाणी जास्त मावतं, दाणा सुटा राहतो. म्हणून बिर्याणीला जुना तांदूळ मागतात. पण जुन्या घनसाळचा वास नव्याइतका राहत नाही. दिवाळीनंतर खळ्यावरून घरी आलेल्या तांदळाची बिर्याणी कराल तर वास भरपूर, पण दाणे गळ्यात गळे घालून बसतील. दोन वर्षांचा घ्याल तर दाणा मोकळा होईल, पण मग तो घनसाळच का घ्यायचा? मी स्वतः आठ-दहा महिन्यांचा घेते. पावसाळा उलटून गेलेला असतो आणि नवं पीक अजून शिवारात असतं, तेव्हाचा.

आणखी एक. घनसाळच्या बिर्याणीवर केवड्याचं पाणी शिंपडू नका. मोगऱ्याच्या गजऱ्यावर अत्तर ओतण्यातला तो प्रकार आहे.

2016 साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी बासमतीलाही मिळालं. मानांकन म्हणजे काय, तर या नावानं विकायचा तांदूळ या मुलखातलाच असला पाहिजे. बाजारात मात्र नाव घनसाळचं आणि पोत्यात भलताच आखूड तांदूळ, असं अजूनही होतं. मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळा, वाफ दिल्यासारखा तोंडानं श्वास सोडा आणि नाकाजवळ न्या. अस्सल असेल तर कच्च्या दाण्यालाही वास येतो.

3. मटणाचं घड्याळ

आता दुसरं घड्याळ. खाटकाकडं गेलात की "बिर्याणीला द्या" एवढंच सांगू नका. खांदा, सीना, थोडी मान आणि दोन नळ्या मागा. नुसती मांडी छान दिसते, पण बिर्याणीत ती कोरडी पडते.

कारण असं. स्नायूंचे धागे बांधून ठेवणारी एक चिवट दोरी मटणात असते, तिला कोलॅजन म्हणतात. जे अवयव जास्त राबतात, म्हणजे खांदा, मान, पाय, त्यांत ती जास्त. 60-65 अंशांच्या पुढं ती आधी आकसते आणि मटण पिळल्यासारखं कडक होतं. याच वेळी आपण एक तुकडा चाखतो आणि घाबरतो. पण तसंच ओलं आणि गरम राहू दिलं तर तीच दोरी हळूहळू विरघळते आणि तिचं जिलेटिन होतं. बोटांना चिकटणारा, ओठांना लागणारा रस तो हाच. मांडीत ही दोरी कमी, म्हणून आकसण्याचं नुकसान आहे आणि विरघळण्याचा फायदा नाही.

विरघळायला वेळ लागतो, आणि तो तापमानावर ठरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच. उंची 300 मीटरनं वाढली की पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं, म्हणजे आपल्याकडं ते 98 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात त्याहून जास्त ताप मटणाला कधीच मिळत नाही, खाली कितीही जाळ घाला. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी 120 अंशांच्या जवळ जाऊन उकळतं, आणि दीड तासाचं काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पालव्याचं कोवळं मटण असेल तर त्याहून लवकर.

दही लावून रात्रभर मुरवलं की मटण आतपर्यंत मऊ होतं, असा समज आहे. दह्याची आंबटाई आणि मसाला वरच्या काही मिलिमीटरांतच थांबतो. खोलवर जातं ते मीठ. म्हणून मुरवताना मीठ विसरायचं नाही, दही विसरलं तरी चालेल. कच्च्या पपईचं वेगळं. तिच्यातला पपेन हा पदार्थ मांसाचे धागे खरोखर कापतो. पण तोही शीतपेटीतल्या थंडीत सुस्त असतो आणि भांडं तापताना 60-70 अंशांवर एकदम कामाला लागतो. जास्त लावली तर वरून पेस्ट आणि आतून चिवट, असा तुकडा हाती येतो. किलोला एक मोठा चमचा वाटण पुरे.

हैदराबादी कच्च्या बिर्याणीत कच्चं मुरवलेलं मटण तळाला घालून वर अर्धा शिजलेला तांदूळ रचतात. तिथं दोन्ही घड्याळं एकाच भांड्यात जुळवायची असतात. ते कोवळ्या मटणाचं, पपईचं आणि सरावाच्या हाताचं काम आहे. लखनवी पक्क्या पद्धतीत मटण आधी शिजवून घेतात. घनसाळला पक्कीच पद्धत. तांदूळ पंधरा मिनिटांत खेळ संपवणार असेल तर मटणानं आधीच तयार होऊन बसायला हवं.

4. पाण्याचा हिशेब

माझी बिर्याणी फसली ती इथं. घरोघरी नियम सांगतात, तांदळाच्या दुप्पट पाणी. मी तीन वाट्या तांदळाला सहा वाट्या पाणी घातलं होतं. वाटी 200 मिलीची, तांदूळ अंदाजे अर्धा किलो. आता बेरीज करू.

एक वाटी तांदळाला शिजायला प्रत्यक्षात साधारण वाटी-सव्वावाटीच पाणी लागतं. उरलेलं वाफ होऊन जातं. आणि किती वाफ जाते हे तांदळावर ठरत नाही. भांड्याचं तोंड, झाकण, जाळ आणि वेळ यांवर ठरतं. त्या पातेल्यात पाऊण वाटी जाते असं धरू. मग,

एका वाटीला: सव्वा + पाऊण = दोन वाट्या. दुप्पटीचा नियम बरोबर आला.

तीन वाट्यांना: पावणेचार + पाऊण = साडेचार वाट्या. नियमानं सहा सांगितल्या होत्या.

म्हणजे दीड वाटी पाणी तर साध्या भातालाच जास्त झालं असतं. शिवाय माझ्या पातेल्यात छुपं पाणी होतं. पाऊण किलो मटण शिजताना वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा रस सोडतं, म्हणजे वाटी-सव्वा वाटी. दीडशे ग्रॅम दह्यात 130 मिली तरी पाणीच. कांदा-टोमॅटोचं वेगळं. असं मिळून दोन वाट्या तरी रस्सा आधीच आत होता. हवं होतं साडेचार वाट्या, पडलं आठ. वर आणि तांदूळ मी अर्धा तास भिजवला होता. भिजलेला तांदूळ वजनाच्या चौथाईइतकं पाणी आधीच पिऊन येतो. आत्यानं चवीला तरी झ्याक म्हटलं हीच तिची माया.

तेव्हापासून मी एकच करते. मटण शिजलं की तुकडे बाजूला काढते आणि खालचं पाणी मापते. आपल्याकडं या बिनतिखटाच्या पाण्याला अळणी म्हणतात. पोरांना आधी वाटीभर अळणी प्यायला देतात, मग त्याचाच पांढरा रस्सा होतो. ते पाणी भाताला वापरलं की मटणातून सुटलेलं जिलेटिन आणि चव दाण्यात शिरते.

भरपूर पाण्यात तांदूळ अर्धवट उकळून निथळायची बिर्याणीची रीत बासमतीला छान लागू पडते, कारण सुटलेला चिकट स्टार्च पाण्याबरोबर जातो. घनसाळबाबत ते मला पटत नाही. स्टार्चबरोबर वासही मोरीत जातो. शिवाय त्याचा 'कणी राहिली' ते 'गळला' हा प्रवास दीड-दोन मिनिटांचा, नजर हलली की गेलं. खरं नाव द्यायचं तर माझ्या पदार्थाला पुलाव म्हणावं लागेल. आजऱ्यात कुणी त्यावरून भांडत नाही.

5. चटणी कधी घालायची

इकडं मसाला म्हटलं की कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात गडहिंग्लजच्या बाजारातून संकेश्वरी मिरची यायची, रंगाला ब्याडगी, मग खोबरं, तीळ, धणे भाजून डंकावर कुटून वर्षाची बेगमी. मिरचीचा तिखटपणा आणि बहुतेक मसाल्यांचा वास पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून चटणी पाण्यात भिरकावली तर तिखट जिभेच्या एकाच जागी चावतं. तेलात कांद्याबरोबर परतली तर सगळ्या पातेल्यात पसरतं. पण चटणी बारीक दळलेली, ती जळते चटकन. कांदा आधी, त्याला तांबूस रंग येऊ द्यायचा, मग जाळ कमी करून चटणी, आणि लगेच चमचाभर अळणी. कांदा तांबूस व्हायला वेळ लागतो, कारण त्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते उडेपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढं सरकत नाही, आणि खरपूसपणाची क्रिया जोमात चालते ती 140 अंशांच्या आसपास. दहा मिनिटांत कांदा लाल होतो असं कुणी लिहिलं असेल तर त्यानं तो कापलेला नाही.

अर्धा किलो घनसाळला दोन चमचे चटणी मला पुरे वाटते. खडा मसाला हात राखून: दोन लवंगा, एक मसाला वेलची, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दगडफुलाची एक पाकळी. जावित्री नको.

6. आता पातेलं चढवू

पाऊण किलो मटण, मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण लावून तास-दोन तास. थोड्या तुपात परतून कुकरला, दोन वाट्या पाणी. तुकडा बोटांनी तुटावा पण हाडावरून आपोआप गळू नये, इथं थांबायचं. अळणी मापून बाजूला.

तांदूळ तीन वाट्या. दोन-तीन पाण्यांत हलक्या हातानं धुवायचा, रगडायचा नाही. भिजवायचा नाही, चाळणीवर दहा मिनिटं निथळत ठेवायचा. पसरट, जाड बुडाचं पातेलं घ्या. उंच भांड्यात खालचा तांदूळ वरच्याच्या वजनानं दबतो, आणि मऊ तांदळाला दबणं सोसत नाही.

तुपात खडा मसाला, कांदा, चटणी, मटण. मटणाला मसाला लागला की तांदूळ घालून दोन मिनिटं परतायचा. दाण्याला तुपाचा हात लागतो, चिकटणं जरा कमी होतं. मग उकळती अळणी आणि लागेल तसं गरम पाणी, सगळं मिळून चार वाट्या. हिशेबातली अर्धी वाटी धुतलेल्या दाण्याला आणि मसाल्याला चिकटून आलेल्या ओलाव्याची वजा केली. मीठ या पाण्यात चाखून पाहायचं, ते किंचित खारट लागायला हवं. चमचाभर लिंबाचा रस. एकदाच तळापासून ढवळायचं. त्यानंतर डावाला रजा. शिजत्या घनसाळला ढवळणं म्हणजे त्याचा स्टार्च घासून काढणं.

पाणी दाण्यांच्या पातळीला आलं, वर भोकं दिसू लागली की खाली तवा सरकवायचा आणि जाळ अगदी मंद करायचा. तवा का? पाणी आटल्यावर बुडाशी तापमान शंभरच्या वर उडी मारतं आणि एकाच जागी करपतं. तवा तो ताप पसरवतो. झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावायची किंवा झाकणाला ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे वाफ बाहेर जात नाही, आणि वासही. हाच दम. पूर्वी झाकणावर निखारे ठेवायचे. वरूनही ताप मिळायचा आणि झाकणाला लागलेल्या वाफेचे थेंब खाली टपकून वरचा भात भिजवत नसत. फडकं ते थेंब टिपतं.

बारा मिनिटं. मग गॅस बंद, आणि आणखी पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. सगळ्यात अवघड पायरी हीच. या वेळात दाण्याच्या बाहेरचा ओलावा आत शिरतो, स्टार्च थोडा निवून बसतो आणि दाणा डावाखाली मोडत नाही. उघडल्यावर कडेनं उलथणं घालून परतवत वाढायचं. मधे खुपसायचं नाही.

तरीही बासमतीसारखे सुया-सुया दाणे दिसणार नाहीत. दाणा आखूड, टपोरा आणि शेजाऱ्याला नुसता टेकलेला असेल. हातात घास वळेल. सोबत दही-कांदा हवाच, कारण तिखट पाण्यानं धुऊन जात नाही, दह्यातला स्निग्धांश आणि प्रथिनं ते उचलून नेतात.

7. उरली तर

उरत नाही, पण उरली तर रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूची बीजं असतात आणि ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि असं विष सोडतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. खोल पातेल्यात भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून तो परातीत पसरून निववायचा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत शीतपेटीत. सकाळी घनसाळ आवळून ढेकूळ झालेला दिसेल. पाण्याचा हबका मारून झाकून वाफवा, पुन्हा मऊ होतो. बुडाची खरवड मात्र सकाळपर्यंत ठेवायची नाही. ती त्याच रात्री उलथण्यानं खरवडून, उभ्यानं, पातेल्यातूनच खायची. आमच्यात तिच्यावरून भांडणं होतात, आणि आत्या असली की ती तिलाच जाते.